संडे फर्नेसची बखर

आमचे शेजारी पेडणेकर यांना कुणी सहज "काय म्हणता, सगळं ठीक ना?" असं विचारलं, की ते अमेरिकेतल्या एका बँडची खुशाली सांगत. स्वतःची नाही, बँडची. "तसं ठीक आहे हो," ते म्हणत, "पण बेस वाजवणारा सोडून गेला. दुसरा मिळालाय, हात बरा आहे म्हणतात. बघू, इन्शाल्ला." नवखा माणूस बिचारा समजायचा, की यांचा गावाकडे लग्नात वाजवायचा बँड असणार. एकाने तर मुलाच्या लग्नाची तारीख सांगून रेट विचारला होता.

बँडचं नाव संडे फर्नेस. मॅसॅच्युसेट्स राज्यात गिरण्या बंद पडून ओस पडलेलं एक गाव, तिथली पाच पोरं. संगीताचा प्रकार मेटलकोर. हा शब्दही मी पेडणेकरांकडूनच शिकले. "वहिनी, मेटल हे एक घराणं आणि हार्डकोर हे दुसरं. ओरडतात दोन्हीकडे, पण ओरडण्याची रीत वेगळी. या पोरांनी दोन्ही रीती एकत्र केल्या." मी इथे दुबईत, ऊद मेथाच्या एका शाळेत हिंदी शिकवते, माझा कान मधल्या सुट्टीत तयार झालेला आहे. तरी त्यांनी पहिल्यांदा सीडी लावली तेव्हा मी हातातली कोशिंबीर तिथेच ठेवून घरी पळाले.

बर दुबईत आमची बिल्डिंग जुनी, भिंती पातळ. पेडणेकरांच्या घरातून सकाळी आधी अथर्वशीर्ष यायचं आणि मग संडे फर्नेस. मधे जाहिरातसुद्धा नाही. माणूस म्हणाल तर सावंतवाडीकडचा, पांढरा हाफ शर्ट, कपाळाला गंधाचं बोट, बोलणं हळू. रास अल खोरला त्यांचा एसीचे डक्ट बनवायचा कारखाना होता. दिवसभर पत्रा कापणं, वाकवणं, ठोकणं. "पहिलं गाणं ऐकलं तेव्हा मला वाटलं, पत्रा कापायच्या शिअरिंग मशीनचं पातं तुटलं," ते सांगत. "दुसऱ्यांदा ऐकल्यावर कळलं, नाही, मशीन व्यवस्थित चालू आहे. ठोका बघा, एक चुकत नाही!"

आणि मग बखर सुरू. थोरला एरिक गिटारवाला, धाकटा टॉड ड्रम वाजवणारा, सख्खे भाऊ. पेडणेकर त्यांना थोरले आणि धाकटेच म्हणत. आईच्या घराच्या तळघरात दोघांनी सुरुवात केली. गायला ब्रायन नावाचा मित्र होता. पहिली रेकॉर्ड निघाली, नाव झालं, आणि ब्रायन वडिलांबरोबर छपरं बसवायच्या कामाला निघून गेला. इथे पेडणेकर हमखास थांबत, चष्मा पुसत आणि म्हणत, "मुळात घोळ तिथे झाला." प्रत्येक प्रकरणात त्यांना मुळातला घोळ नव्याने सापडत असे. ब्रायनच्या जागी केव्हिन आला. हा ओरडायचाही आणि मधेच गोडही गायचा. त्यावर जुने चाहते खवळले. "बघा वहिनी, पोरगा गोड गातो म्हणून शिव्या! आपल्याकडे कुणी गोड गायला लागलं की निदान चहा तरी देतात." मग मोठ्या कंपनीने करार केला, पैसा आला, आणि दोघा भावांत कुरबुर सुरू झाली. "भाऊबंदकी! अमेरिकेत गेले म्हणून काय झालं? चुली वेगळ्या झाल्या की खलास." कारखान्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर, इंटरनेट लागेपर्यंत दोन चहा पिऊन, त्यांनी चाहत्यांच्या वेबसाइटवर एरिकला सल्लाही लिहिला होता, की थोरल्याने थोडं नमतं घ्यावं, आईला त्रास होतो. कुणीतरी खाली उत्तर लिहिलं, 'ड्यूड, यू रूल.' म्हणजे दोस्ता, तू भारी आहेस. ते त्यांनी आठवडाभर बिल्डिंगभर सांगितलं.

तुम्ही म्हणाल, या माणसाला हे खूळ लागलं कसं? मी सांगते, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्यांची बायको सुमन माझी जिवाची मैत्रीण. त्या घरात बोलायचं काम तिचं होतं. नवरा गप्प, मुलगी सायली घुमी, आणि ही मधे बसून दोघांच्या वतीने बोलायची. "बाबा म्हणतायत, अभ्यास झाला का?" बाबांनी तोंडसुद्धा उघडलेलं नसायचं. सायली दहावीत असताना सुमन गेली. दोन महिन्यांचं दुखणं. आणि त्या घरात एकदम आवाजच बंद झाला. बापलेक समोरासमोर बसून जेवत आणि ताटांशिवाय काही वाजत नसे. मग सायलीच्या बंद दाराआडून हे संडे फर्नेस सुरू झालं. मी म्हटलं, भाऊजी, सांगा की तिला आवाज कमी करायला. ते म्हणाले, "असू दे. घरात कुणीतरी ओरडतंय, तेवढंच बरं वाटतं."

पुढे ती शिकायला ओहायोला गेली. पेडणेकर दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी, फोन करत. फोन माझ्या भिंतीला लागून, त्यामुळे कान न लावताही सगळं ऐकू यायचं. "जेवलीस?" शांतता. "थंडी आहे?" शांतता. "पैसे आहेत?" शांतता. "बरं, ठेवतो." तिकडून बहुतेक नुसतं 'येस' आणि 'फाइन' येत असणार. इतकी वर्षं दुबईत राहून एवढा स्वस्तातला फोन दुसऱ्या कुणी केला नसेल. एका शुक्रवारी मात्र, काय सुचलं कुणास ठाऊक, त्यांनी विचारलं, "तुझा तो ओरडणारा बँड काय म्हणतो?" आणि पोरगी जी बोलायला लागली, ती फोनकार्ड संपेपर्यंत थांबली नाही. दुसऱ्या दिवशी पेडणेकर माझ्या दारात उभे. चेहरा असा, जणू लॉटरी लागली. "वहिनी, बोलली! तीस दिरहमचं कार्ड, म्हणजे पावणेचारशे रुपये, पूर्ण संपलं!"

त्या दिवसापासून त्यांनी संडे फर्नेसचा अभ्यास धरला. पुढच्या शुक्रवारी बोलायला विषय हवा ना!

सायलीने त्यांना एक सीडी पाठवली, ती पोस्टाच्या तपासणीत अडकली. कव्हरवर जळती खुर्ची. पेडणेकर गेले सोडवायला. तपासणारा अरब गृहस्थ हिंदी बोलणारा होता. त्याने हेडफोन लावून थोडं ऐकलं आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, "ये शैतान का गाना है?" पेडणेकर म्हणाले, "नहीं हबीबी, फॅमिली का है." "तो फिर ये लड़का चिल्लाता क्यूँ है?" "बाप सुनता नहीं, इसलिए." त्या माणसाने हेडफोन काढून ठेवले. मग सीडी परत करत म्हणाला, "मेरे घर में भी एक है." ही गोष्ट सांगताना पेडणेकर हसायचे. मला मात्र सुमन आठवायची.

एकदा बँडचा कार्यक्रम सायलीच्या गावात होता. पेडणेकरांनी माझ्याकडून बेसनाचे लाडू करून घेतले, जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवले, आणि पोरगी खरंच ते घेऊन बँडच्या व्हॅनपाशी गेली. एरिकने म्हणे उभ्याउभ्या दोन खाल्ले आणि अजून आहेत का विचारलं. झालं! तेव्हापासून तो 'आपला एरिक'. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटताना "आपल्या एरिकलाही सुबुद्धी दे रे बाबा," असं पुटपुटताना मी ऐकलंय.

सुबुद्धी काही आली नाही. एका सकाळी पेडणेकर आमच्याकडे आले ते पडलेला चेहरा घेऊन. आमच्या ह्यांना वाटलं, कारखान्यात अपघात झाला. "फुटला," ते म्हणाले. "बँड फुटला. वेबसाइटवर लिहिलंय. धाकटा वेगळा झाला. सगळं बंद." मी म्हटलं, अहो भाऊजी, बँड आहे तो, फुटायचाच. दुसरा धरा. ते खुर्चीवर बसले. "वहिनी, दुसऱ्याचं मला काय माहीत? आणि तिला तरी दुसऱ्याचं काय? आता शुक्रवारी मी काय बोलू?" चहा ठेवायच्या निमित्ताने मी आत गेले.

शुक्रवार आला. भिंतीपलीकडून आवाज आला, आणि मी थक्क झाले. "छे छे, फुटतोय कसला? अफवा आहेत. थोरला म्हणतोय, नवीन ड्रमवाला आणू. हो, हो, मिळालाय एक."

जन्मात कुणाला पत्र्याची जाडी खोटी न सांगितलेला हा माणूस त्या दिवसापासून दर शुक्रवारी धडधडीत थापा मारायला लागला. आणि थापाही कशा! नवा ड्रमवाला आला, त्याची पाठ धरली, आई आजारी म्हणून तो सुट्टी टाकून गावी गेला. अहो, तो ड्रमवाला नव्हेच, तो कारखान्यातला फोरमन सुखदेव! रिहर्सलच्या जागेचं भाडं मालकाने वाढवलं. ते रास अल खोरच्या शेडचं भाडं! कल्पनाशक्ती नावाची चीज जवळ नसल्यामुळे, स्वतःच्या घरात आणि कारखान्यात जे घडेल ते हा माणूस उचलून बँडच्या गळ्यात बांधत होता. "एरिक हल्ली घरी जेवण करत नाही, एकट्यासाठी काय करायचं म्हणतो. चहा-खारी खातो." मी भिंतीला टेकून पोळ्या लाटत होते, लाटणं हातात तसंच राहिलं. दुसऱ्या दिवसापासून वरणभाताचा डबा त्यांच्याकडे जायला लागला. त्यांनी विचारलं, "कसं कळलं?" मी म्हटलं, सुगंधावरून. म्हणजे, नसलेल्या.

त्या हिवाळ्यात त्यांना मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलं. वाढलेला होता, दोन्ही डोळ्यांत. माणूस पार हबकला. पत्रा मापणाऱ्याचे डोळे म्हणजे त्याचं पोटच. पण मला आणि ह्यांना गणपतीसमोर उभं करून शपथ घातली, की सायलीला कळता कामा नये. परीक्षा आहे तिची, उगाच जिवाला घोर. मी शपथ पाळली. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही अशी बिल्डिंगमध्ये ख्याती आहे, तरी पाळली.

ऑपरेशन झालं. एक डोळा झाला, त्यावर पट्टी. त्या शुक्रवारी आम्ही बाहेर होतो, भिंतीपलीकडचं काही ऐकलं नव्हतं. नंतरच्या आठवड्यात माझा फोन वाजला. सायली.

"काकू, हाउ आर बाबाज् आइज?"

मी उडालेच. "तुला कुणी सांगितलं गं?"

"बाबांनीच."

"शक्यच नाही! आम्हाला शपथ घालून—"

"काकू, एरिकचं कॅटरॅक्टचं ऑपरेशन झालंय. स्टेजवरच्या लाइट्समुळे म्हणे. डॉक्टर चांगला आहे, पण रात्री पट्टी बांधून एकट्याला झोप येत नाही. काकू, एरिक इज ट्वेंटी नाइन."

मला हसू आलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडू. मी विचारलं, "म्हणजे बँड फुटलाय हे तुला..."

"फर्स्ट डेपासून माहीत आहे. इथे सगळ्यांना माहीत आहे. आणि मी ते ऐकणं सोडून तर वर्ष झालं. पण बाबा इतकं सांगत होते ना. आधी कधी सांगायचे का काही?"

परीक्षा संपताच ती आली. शुक्रवारच होता. मी पेडणेकरांना त्यांच्या घरी जेवायला वाढत होते. डोळ्यांवर डॉक्टरने दिलेला काळा चष्मा, हाताशी फोन, आणि ओठ हलतायत. आज एरिकला काय करायचं ते ठरवत असणार. बेल वाजली. मी दार उघडलं आणि बाजूला झाले.

"कोण आहे, वहिनी?"

सायलीने बॅग खाली ठेवली. "एरिकला बघायला आलेय," ती म्हणाली.

पेडणेकरांचा घास ताटातच राहिला. मग म्हणाले, "परीक्षा?"

"झाली."

"सायली, तो बँड... तो फुटला गं. कधीच फुटला. मी तुला खोटं..."

"माहीत आहे, बाबा." ती त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. टेबलावर औषधाची बाटली होती, ती उचलून तिने वरची चिठ्ठी वाचली. "हे किती वेळा घालायचं? मान मागे करा."

त्यांनी मुकाट्याने चष्मा काढला, मान मागे केली. तिने एका हाताने त्यांचं कपाळ धरलं आणि थेंब सोडला. पाणी गालावरून खाली आलं, औषधाचं किती आणि डोळ्यातलं किती देव जाणे. मी स्वयंपाकघरात जायला हवं होतं, पण पाय निघेना.

"मग कसं झालं ऑपरेशन?" सायलीने विचारलं. मराठीत. "एरिकचं नको. तुमचं सांगा."

पेडणेकर मान मागे टाकून तसेच बसले होते, डोळे मिटून. तिचा हात अजून कपाळावरच होता.

"टेबलावर झोपवलं ना," ते हळू म्हणाले, "तेव्हा मी खूप घाबरलो होतो गं."