टॉवेलची ओळ

"तीन महिन्यांत आपलं दुकान पहिल्या पानावर!" वहिनींनी जेवता जेवता जाहीर केलं आणि टेबलावर मूठ आपटली. मूठ नेमकी पळीच्या दांड्यावर पडली, पळी उडाली आणि सासूबाईंच्या पाण्याच्या पेल्यात जाऊन उभी राहिली.

"पहिल्या पानावर येईल तेव्हा येईल," सासूबाई पेल्याकडे बघत म्हणाल्या, "आत्ता माझ्या पेल्यात काय आलंय ते काढ."

वहिनी म्हणजे बोलघेवडी बाई नव्हे. बावीस वर्षं त्यांनी औषधांच्या प्रयोगशाळेत गोळ्या विरघळायला किती वेळ लागतो ते मोजलं होतं, आणि त्या कामात गोळी सोडून कुणाशी बोलावं लागत नाही. नोकरी सोडल्यावर त्यांनी घरीच एक उशी तयार केली. मानेखाली घट्ट वळकटी, डोक्याखाली मऊ खळगा. घोरणाऱ्यांसाठी! प्रेरणा शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. ती त्यांच्या शेजारीच झोपत असे आणि दिवसा एका शाळेची मुख्याध्यापक असे.

उशी झाली, ऑनलाइन दुकान झालं, मागच्या खोलीत शिलाई मशीन आलं आणि साठ उशा शिवून छतापर्यंत रचल्या गेल्या. तिथेच घोडं अडलं. घोरण्यावरची उशी म्हणून इंटरनेटवर शोधलं, तर वहिनींचं दुकान चौदाव्या पानावर निघे. चौदाव्या पानापर्यंत आजवर एकच माणूस पोचलं होतं, आणि ते म्हणजे स्वतः वहिनी.

इकडे मुख्याध्यापकांचा त्या खोलीवर डोळा होता. ते तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि त्या खोलीत बसून शिस्तीवर एक ग्रंथ लिहिणार होते.

"माझा निवृत्तीचा दिवस ही शेवटची मुदत," त्यांनी जेवणानंतर हात धुता धुता निकाल दिला. "तोपर्यंत उशा गेल्या तर खोली तुझी. नाहीतर उशा माळ्यावर, मशीन विकायला आणि माझं टेबल खिडकीपाशी!"

"आणि मी?"

"तू वाचायला ये की. पहिली वाचक!"

त्या रात्री वहिनींनी ठरवलं, काय वाटेल ते होवो, खोली सोडायची नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धाकट्या दिरांना बोलावलं. भावजींनी आयुष्यात बरेच धंदे सुरू केले होते आणि तितकेच बंदही केले होते. सध्या त्यांनी दोन दिवसांचा एक कोर्स केला होता आणि तिसऱ्या दिवसापासून ते 'सर्च तज्ज्ञ' होते.

"वहिनी, दुकान सुंदर आहे," भावजी स्क्रीनकडे बघून म्हणाले, "पण भरवस्तीतलं नाही, विहिरीतलं आहे! आता बघा, मी काय करतो." आणि त्यांनी उशीच्या माहितीत टाइप केलं: घोरणारा नवरा, घोरणारी बायको, घोरणारे सासरे, घोरणारा शेजारी, शेजाऱ्याचं घोरणं, घोरणं स्वस्त, घोरणं घरपोच.

"घोरणं घरपोच कुणाला हवंय?" वहिनींनी विचारलं.

"हवं-नको बघायचं नसतं. शब्द पेरायचे असतात!"

आठ दिवसांनी पाहिलं तर दुकान सोळाव्या पानावर गेलं होतं. पेरलेलं उगवलं होतं, पण उलट्या बाजूने.

"म्हणजे सर्च आता हुशार झालाय," भावजी जराही न गडबडता म्हणाले. "त्याला खरा मजकूर लागतो. लोक प्रश्न विचारतात ना, घोरणं कसं थांबवावं? त्याचं खरं, अनुभवाचं उत्तर लिहा. आकडे द्या! दुसऱ्या कुणाकडे नसतील असे."

आकडे! वहिनींच्या चेहऱ्यावर बावीस वर्षांपूर्वीचं तेज आलं.

शाळेला मोठी सुट्टी लागली होती आणि मुख्याध्यापक रोज जेवून दुपारी दीड तास झोपत. वहिनींनी वही आखली. दर मिनिटाला घोरण्याचे आवाज किती, मोठ्यात मोठा आवाज किती, मध्ये खंड किती. सासूबाईंच्या हातात घड्याळ दिलं. आधी त्या म्हणाल्या, "पोटच्या पोराचं घोरणं मोजायचे दिवस आले!" पण तिसऱ्या दुपारपासून त्या स्वतःच खुर्ची ओढून पाच मिनिटं आधी हजर राहू लागल्या.

"आज रंगात आहे बघ," त्या कुजबुजत. "काल काही मजा नव्हती."

आठ दुपारी साधी उशी, आठ दुपारी वहिनींची उशी. आता दुसरी कुणी बाई असती तर इथेच थांबली असती. पण वहिनी पडल्या प्रयोगशाळेतल्या. उशीमुळे फरक पडला, की मान नुसती उचलली म्हणून पडला, हे कसं कळणार? तुलनेला काहीतरी हवंच! म्हणून उरलेल्या आठ दुपारी त्यांनी साध्या उशीवर मानेच्या जागी घरातला जुना टॉवेल गुंडाळून ठेवला. गुंडाळी मोजून बारा सेंटिमीटर जाडीची.

"सारखी उशी का बदलतेस?" मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं.

"धुवायला टाकते," वहिनी म्हणाल्या.

"टॉवेलसुद्धा?"

"तो वाळायला ठेवलाय."

मुख्याध्यापक समाधानाने त्यावर आडवे झाले. चौदाशे मुलांची लबाडी एका नजरेत ओळखणारा माणूस! पण जेवण झाल्यावर ती नजर मिटलेली असे.

निष्कर्ष निघाला. वहिनींच्या उशीने घोरणं एकसष्ट टक्क्यांनी कमी झालं. टॉवेलने साठ टक्क्यांनी. वहिनींनी दोनदा हिशेब तपासला आणि लेखात सरळ लिहून टाकलं: 'या दोन्हींतला फरक नगण्य आहे. बारा सेंटिमीटर जाडीची टॉवेलची गुंडाळी तेवढंच काम करते.' त्याच्या खाली उशी विकत घेण्याचं बटण होतं.

लेख दुकानाच्या पानावर चढला आणि चमत्कार झाला. पहिल्या आठवड्यात दुकान नवव्या पानावर, दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्या, आणि शाळा उघडून पंधरा दिवस होतात न होतात तोच पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत! भावजी नाचत आले. त्यांनी वहिनींचा हात धरून इतक्या जोरात हलवला, की बांगडी कोपरापर्यंत गेली.

"एका दिवसात अकरा हजार माणसं, वहिनी! अकरा हजार!"

"आणि ऑर्डरी?"

भावजींनी स्क्रीन खाली सरकवली. मग वर सरकवली. मग चष्मा पुसला.

"अभिप्राय मात्र फार सुंदर आलेत," ते म्हणाले.

आले होते खरे. 'ताई, टॉवेलने संसार वाचवला.' 'तीन वर्षांनी झोपले. देव तुमचं भलं करो.' 'मोठा टॉवेल नव्हता, दोन छोटे वापरले. चालेल ना?' वहिनींनी प्रत्येकाला सविस्तर उत्तर दिलं. दोन छोटे टॉवेल चालतील, पण जाडी मोजून घ्या. साठच्या साठ उशा छताला टेकून हे सगळं ऐकत होत्या.

त्याच आठवड्यात शाळेत पालकसभा झाली. मुख्याध्यापकांनी घरातल्या शिस्तीवर पाऊण तास भाषण केलं आणि शेवटी विचारलं, "कुणाला काही शंका?"

मागच्या रांगेतून एक जाडजूड पालक उठले. "सर, तुम्ही उताणे झोपत होतात की कुशीवर?"

"काय?"

"नाही म्हणजे, लेखात आठव्या दुपारी तुमचा आवाज एकदम वाढलाय. त्या दिवशी जेवण जास्त झालं होतं का?"

दुसऱ्या एक बाई उठल्या. "आमच्या ह्यांचा तुमच्यापेक्षा मोठा आहे हो सर! पण तुमच्यासारखा नियमित नाही."

मुख्याध्यापक घरी आले ते चपला न काढता थेट मागच्या खोलीत. वहिनी मशीनवर होत्या.

"तू मला जगभर घोरवलंस?"

"तुमचं नाव कुठेही दिलेलं नाही," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "गोपनीयता पाळलीय. फक्त वय, वजन, पेशा मुख्याध्यापक, आणि प्रयोग करणाऱ्याशी नातं, नवरा."

"अगं, मुख्याध्यापक असलेले किती नवरे आहेत तुला?"

वहिनींनी क्षणभर विचार केला. "हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता," त्या म्हणाल्या.

"आणि आई! तूसुद्धा?"

"मी फक्त घड्याळ धरलं होतं," सासूबाई दारातून म्हणाल्या. "घोरलास तू."

वहिनींनी पेशा त्याच दिवशी खोडून 'एक गृहस्थ' असं केलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. शाळेत पाचवीतली मुलं तास संपताना टेबलावर मान टाकून डोळे मिटत आणि मुख्याध्यापक आले की एकदम उठून उभी राहत. मुख्याध्यापकांना काही बोलताही येत नसे. झोपण्याबद्दल कुणाला रागवणार, आणि कोणत्या तोंडाने?

निवृत्तीला सहा दिवस उरले. उशा साठ. घरात बैठक बसली.

"वहिनी, एक ओळ काढा," भावजी काकुळतीला आले. "एकच! टॉवेलची. बाकी सगळं राहू दे. अकरा हजारांतल्या साठ जणांनी जरी उशी घेतली ना, तरी खोली तुमची!"

"ते निरीक्षण आहे, भावजी. निरीक्षण काढत नाहीत."

"अहो, दुकानदार कधी गिऱ्हाईकाला सांगतो का, की हे घेऊ नका, घरात आहे?"

"खोटं कुठे बोलायचंय?" सासूबाईंनी सुनेची बाजू घेतली, निदान त्यांना तसं वाटलं. "नुसतं गप्प बसायचंय. बावीस वर्षं गप्पच होतीस की."

वहिनी दोन दिवस धुमसल्या. त्या खोलीतल्या खिडकीतून सकाळचं ऊन थेट कापडावर पडे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या मालकीचं एक दार होतं, आणि ते त्या आतून लावू शकत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते दार लावलं, डोळे मिटले आणि बटण दाबलं. टॉवेलची ओळ गेली.

दुपारपर्यंत अभिप्रायांचा पाऊस पडला. 'टॉवेल कुठे गेला?' 'मावशीने सांगितलं म्हणून आले, इथे तर नुसती उशी आहे!' 'ताई, तुम्हीसुद्धा विकल्या गेलात?' हा शेवटचा वाचताना वहिनींचे कान लाल झाले. नुसत्या तेवढ्या ओळीसाठी सगळं जग येत होतं, आणि ओळ नाही म्हटल्यावर आल्या पावली परत जात होतं. चोवीस तासांत दुकान चौथ्या पानावर. अठ्ठेचाळीस तासांत बाराव्या. वहिनींनी घाईघाईने ओळ परत घातली, वर दिलगिरीही लिहिली, पण ती दिलगिरी वाचायला एकोणिसाव्या पानावर कोण जाणार?

निवृत्तीच्या दिवशी मुख्याध्यापक हार गळ्यात घालून घरी आले आणि मोजपट्टी घेऊन खिडकीपाशी उभे राहिले. वहिनींनी मशीनवर चादर घातली.

एवढ्यात बेल वाजली. भावजी! चेहरा उजळलेला, मागे दोन हमाल, आणि हमालांच्या डोक्यावर गठ्ठे.

"दादा, खोली रिकामी होतेय ना? टेबल तू बैठकीत टाक, तिथे हवा चांगली येते. मी भाडं देतो!"

"कसलं भाडं? कसले गठ्ठे हे?"

भावजींनी फोन पुढे केला. घोरणं कसं थांबवावं, म्हणून विचारलेल्या प्रश्नाला पहिल्या पानावर पहिल्या ओळीत एक नवं दुकान आलं होतं. 'घोरणरोधक टॉवेल! शास्त्रीय प्रयोगाने सिद्ध!' खाली वहिनींचे आकडे, वहिनींचा तक्ता, आणि आठवी दुपारसुद्धा.

वहिनींनी तक्त्यावर बोट ठेवलं. "भावजी... तुम्हीच मला ती ओळ काढायला सांगितलीत!"

"सांगितली, तुमच्या भल्यासाठी!" भावजी छातीवर हात ठेवून म्हणाले. "पण तुम्ही काढलीत आणि ती बेवारस झाली. मग म्हटलं, घरातली ओळ घरातच राहावी. आणि तुमचे आभार मानलेत हो मी! सगळ्यात खाली, बारीक अक्षरात." त्यांनी अंगठ्याने खाली, आणखी खाली सरकवत नेलं. "हे बघा. 'एक गृहिणी.'"

"पेशा चुकलाय," वहिनी म्हणाल्या.

"कालपासून तीनशे ऑर्डरी!" भावजी म्हणाले.

भाड्याचा आकडा ऐकल्यावर मुख्याध्यापकांना बैठकीतली हवा एकदम पटली. शिस्तीचा ग्रंथ तर कुठेही बसून लिहिता येतो! उशा माळ्यावर गेल्या. सासूबाईंनी तेवढी एक ठेवून घेतली, दुपारी खुर्चीत पाठीला लावायला.

भावजी मागच्या खोलीत मांडी घालून टॉवेल गुंडाळू लागले. वहिनी दाराला टेकून उभ्या होत्या. ज्या माणसाने आपली खोली, आपले आकडे आणि आपला पहिला नंबर पळवला, त्याच्याकडे आयुष्यभर बघायचंसुद्धा नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं. तो निश्चय सुमारे चार मिनिटं टिकला.

"भावजी, ही गुंडाळी अकरा सेंटिमीटर आहे."

"अकरा काय नि बारा काय, वहिनी!"

वहिनींनी मशीनवरची चादर काढून घडी केली, मोजपट्टी उचलली आणि खाली बसल्या. "सरका तिकडे," त्या म्हणाल्या.

आता त्या रोज सकाळी नऊला खोलीत जातात. खिडकीतून ऊन येतं, दार आतून लावता येतं आणि दिवसाला दीडशे गुंडाळ्या होतात, सगळ्या बरोबर बारा सेंटिमीटरच्या. कुणी विचारलं की त्या सांगतात, खोली शेवटी माझ्याकडेच राहिली. आणि हे अगदी खरं आहे. कोण कुणाकडे कामाला आहे, एवढी एकच ओळ त्या गाळतात.