नीतिशास्त्राच्या बाईंची चोरी

नव्या धोरणानुसार, ज्याचा शोधनिबंध छापून आलेला नाही त्याला नीतिशास्त्र शिकवण्यास अपात्र ठरवण्यात आले. नीतिशास्त्राच्या बाई इतकी वर्षे हा विषय छापल्याशिवायच शिकवत होत्या. नोकरी टिकवायची म्हणून त्यांनी आपल्याच टिपणांवरून ‘प्रामाणिकपणा’ या विषयावर निबंध लिहिला आणि नियमाप्रमाणे चोरी पकडणाऱ्या यंत्राकडे दिला. निबंध जवळजवळ सगळाच चोरलेला निघाला. कुणाचा, तर प्राचार्यांचा.

बाईंना आठवलं. प्राचार्यांनी एकदा त्यांची टिपणं ‘सहज चाळायला’ नेली होती.

“सर, हे माझं आहे.”

“असेल ना! मी कुठे नाही म्हणतोय?” प्राचार्य म्हणाले. “पण बाई, आधी कुणाला सुचलं हे धोरण विचारत नाही. आधी कुणी छापलं ते विचारतं. शब्द जरा इकडचे तिकडे करा की. सगळे करतात.”

“माझेच शब्द मी कशाला बदलू?”

घरी सासूबाईंनी एवढंच विचारलं, “पकडलीस म्हणे चोरी?”

“पकडली नाही, आई. पकडले गेले.”

“मग तर पगार थांबेल,” सासूबाई म्हणाल्या.

चौकशी समिती बसली. प्रकरणात स्वतःच फिर्यादी असल्यामुळे प्राचार्यांनी अध्यक्षपदाची खुर्ची नैतिकतेने सोडली आणि शेजारच्या खुर्चीत बसले. बाईंना शिक्षा झाली: नैतिकता प्रशिक्षण. व्याख्याते, प्राचार्य.

भरल्या सभागृहात प्राचार्य त्याच टिपणांवरून वाचू लागले. बाई स्वतःचीच वाक्यं ऐकत पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

“सत्य हे सोयीचे नसते,” प्राचार्य गंभीरपणे वाचत होते, “इथे पाणी पिणे. मागच्या बाकावरच्यांना उठवणे.”

सभागृहाने मागे वळून पाहिलं. मागच्या बाकावरचे दोन प्राध्यापक दचकून उठले. बाई उभ्या राहिल्या.

“सर, ती सूचना माझी मला होती!”

हशा पिकला. पण समितीने नोंद केली की प्राचार्यांची अध्यापनपद्धती सहभागात्मक असून प्रशिक्षणार्थी बाईंनी व्यत्यय आणला. बाईंचा विषय काढून घेण्यात आला. त्यांच्याकडे सायकलींच्या तळाची देखरेख आली.

पुढे मूल्यमापन पथक आलं. चोरी पकडून शिक्षाही केलेलं हे एकमेव महाविद्यालय निघालं. बाकी ठिकाणी चोरीच सापडली नव्हती, त्यामुळे त्यांचे गुण कापले गेले. नैतिकतेत महाविद्यालय पहिलं आलं आणि प्रवेशासाठी पालकांची रांग फाटकाबाहेर गेली.

बाईंना राहवलं नाही. उरलीसुरली नोकरीही जाईल हे ठाऊक असून त्या फाटकाशी गेल्या आणि रांगेतल्या एकेकाला खरं काय ते सांगू लागल्या. लोकांनी शांतपणे ऐकलं.

“फार वाईट झालं हो,” एक आई कळवळून म्हणाल्या. “पण इथून पोरं नोकरीला लागतात ना?”

“लागतात,” बाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

रांग एक पाऊल पुढे सरकली. बाई आणखी काही सांगायला पुढे झाल्या, तेवढ्यात रांगेत मागे उभे असलेले तुम्ही ओरडलात, “ओ बाई, मध्ये घुसू नका! काही नीतिमत्ता आहे की नाही?”