चाळणीच्या घेरातलं आभाळ

करमरकरांच्या स्वयंपाकघरातून एखादी वस्तू नाहीशी झाली, की विजयाताई ती घरात शोधतच नसत. थेट लिफ्टने बाराव्या मजल्यावर जात आणि तिथून जिना चढून गच्चीवर. केकच्या डब्याचं पारदर्शक झाकण तिथेच सापडलं होतं. त्या मंगळवारी पिठाची मोठी चाळणीही तिथेच सापडली. फक्त तिची जाळी कापून काढलेली होती आणि उरलेला पत्र्याचा घेर श्रीरंगराव काळ्या रंगाने रंगवत बसले होते.

"माझ्या आईने दिलेली चाळणी होती ती," विजयाताई म्हणाल्या.

"आहेच की. जाळी तेवढी काढलीय."

"चाळणीतून जाळी काढली की उरतं काय?"

"घेर. मला घेरच हवा होता. सोसायटीच्या त्या ढींगराच्या नाकावर टिच्चून कॅमेरा इथेच राहणार आहे, आणि तो या घेराच्या जोरावर राहणार आहे."

विजयाताईंनी कपाळाला हात लावला. नवरा एकदा हट्टाला पेटला की त्याला विझवणं फरीदाबादच्या अग्निशमन दलालाही जमलं नसतं, हे त्यांना तीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं.

हा हट्ट सुरू झाला श्रीरंगरावांच्या निरोपसमारंभात. मानेसरच्या मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं काढली. अंधारात कंपनीची बस पकडायची आणि अंधारात परत यायचं. निवृत्तीनंतर काय करणार, असं कोणीतरी विचारलं तेव्हा ते म्हणाले, तारे बघणार. अख्खं कँटीन हसलं. "दिल्ली में तारे? सर, यहाँ तो सूरज भी आधा ही दिखता है." श्रीरंगरावही तेव्हा हसले, पण ते शब्द त्यांना फार लागले. आभाळ काही कोणी उचलून नेलेलं नाही, असं ते घरी येऊन तीन वेळा म्हणाले. दुसऱ्याच दिवशी सामानाची यादी झाली.

एक तळहाताएवढा संगणक, एक छोटा कॅमेरा आणि त्यावर बटाट्यासारखं फुगीर भिंग. हे भिंग चारी बाजूंच्या क्षितिजांपर्यंतचं सगळं आभाळ एका गोल फोटोत घ्यायचं. वरून केकचं झाकण. संध्याकाळ झाली की यंत्र दर मिनिटाला एक फोटो काढायचं आणि त्यासाठी वीस सेकंद डोळा उघडा ठेवायचं. पहिल्या रात्री चार तारे आले. त्यातला एक पालमला उतरणारं विमान निघाला. मग झाकणावर दव साचतं हे कळलं, म्हणून आत छोटा हीटर बसला. मग गच्चीवरच्या ट्यूबचा उजेड येतो हे कळलं, म्हणून श्रीरंगराव रोज ती ट्यूब स्वतः बंद करू लागले. एका रात्री मोजून अकरा तारे आले. त्यांनी आनंदाने फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि तिथेच घात झाला.

ताऱ्यांकडे कोणी पाहिलंच नाही. सोसायटीचे अध्यक्ष ढींगरा यांनी मात्र फोटो मोठा करून त्याची कड न्याहाळली. कडेला बी टॉवर होता, बी टॉवरवर त्यांची बाल्कनी होती आणि बाल्कनीत त्यांच्या चार बनियनी वाळत होत्या.

"करमरकर जी, आसमान देखिए ना," ते मीटिंगमध्ये म्हणाले, "मेरी बनियान क्यों देख रहे हैं?"

"तुमच्या बनियनी बघायला मी हीटर बसवला नाही," श्रीरंगराव मराठीतच म्हणाले आणि मग त्याचं सौम्य हिंदी केलं. पण ठराव झाला. तीन दिवसांत कॅमेरा उतरवायचा.

श्रीरंगरावांनी साफ सांगितलं, उतरवणार नाही. हवं तर खालचं काही दिसणार नाही अशी भिंत त्याच्याभोवती घालतो, पण कॅमेरा जागचा हलणार नाही. दोन तास वाद झाला. शेवटी चहा संपला म्हणून तडजोड झाली. ही भिंत म्हणजेच तो चाळणीचा घेर.

बुधवारी ढींगरा स्वतः टेप घेऊन गच्चीवर आले. घेर चार बोटं उंच आहे आणि त्याच्यावरून बी टॉवरचं टोकसुद्धा दिसत नाही, याची त्यांनी खात्री करून घेतली. मग जोडावर कागद चिकटवला, त्यावर सोसायटीचा शिक्का मारला आणि खाली लिहिलं की, अध्यक्षांच्या लेखी परवानगीशिवाय हा घेर काढल्यास कॅमेरा कायमचा जप्त होईल. श्रीरंगरावांनी त्या कागदाचाही फोटो काढून ठेवला.

शुक्रवारी करवा चौथ होती. म्हणजेच विजयाताईंची संकष्टी, कारण चतुर्थी एकच आणि चंद्रही एकच. करमरकरांच्या डी टॉवरवरून पूर्व मोकळी दिसायची, म्हणून सोसायटीतल्या साठ-सत्तर बायका नटूनथटून तिथल्याच गच्चीवर जमल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात ताट आणि ताटात चाळणी. चंद्र चाळणीतून बघायचा, मग नवऱ्याचं तोंड बघायचं, मग त्याच्या हातून पाणी प्यायचं. विजयाताई ताम्हन घेऊन कोपऱ्यात उभ्या होत्या. एवढ्या चाळण्या पाहून त्यांनी नवऱ्याकडे एक नजर टाकली. श्रीरंगरावांनी ती टाळली.

सव्वाआठला चंद्र उगवणार होता. साडेआठ वाजले तरी पूर्वेला नुसता राखाडी धूर. फोन वाजत होते. पानिपतला दिसला. नोएडाला दिसला. फरीदाबादला दिसेना. पहाटे चारपासून पाण्याचा थेंब न घेतलेल्या बायकांचं बोलणं हळूहळू कमी होत चाललं आणि नवरे मंडळींना त्या शांततेची भीती वाटू लागली. मिसेस ढींगरा तर टाकीच्या शिडीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या यजमानांनीही यंदा बायकोसोबत निर्जळी उपास धरला होता. सकाळीच दोघांचा फोटो ग्रुपवर आला होता आणि त्याला एकशे चौदा नमस्कार मिळाले होते.

"भाईसाहब, आपका कैमरा तो अँधेरे में भी देखता है," मिसेस ढींगरा म्हणाल्या. "उसमें देखिए ना."

"बघतो ना, वहिनी. वीस सेकंदांत धुरातूनही दिसेल. पर चाँद अभी नीचे है. घेराच्या मागे."

"तो घेर हटाइए."

श्रीरंगरावांनी हाताची घडी घातली. या क्षणाची त्यांनी बुधवारपासून वाट पाहिली नव्हती, पण तो आला तेव्हा त्यांना फार गोड वाटला. "नहीं हटा सकता. अध्यक्ष की लिखित परमिशन लगेगी."

"अहो, काढा ना," विजयाताई दबक्या आवाजात म्हणाल्या. "बायका चक्कर येऊन पडतील."

"मी काढला तर कॅमेरा जप्त. शिक्का आहे त्यावर. वाच."

साठ-सत्तर उपाशी बायका एकदम अध्यक्षांना शोधू लागल्या. फोन लावला. "पार्किंग में हूँ, आया," ते म्हणाले आणि बारा मजले चढून अर्ध्या मिनिटात हजर झाले. लिफ्ट बरी चालली असेल, असं सगळ्यांना वाटलं.

"लिख के दो जी," मिसेस ढींगरा शिडीला टेकूनच म्हणाल्या. त्या आवाजावर सोसायटीचा कुठलाही नियम टिकला नसता. ढींगरांनी मिठाईच्या खोक्यावर परवानगी लिहिली. श्रीरंगरावांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि तारीख राहिली म्हणून परत दिली. तारीख पडल्यावरच त्यांनी शिक्का फाडला आणि घेर उचलला. "मैं ज़रा एक फ़ोन कर लूँ," म्हणून ढींगरा पुन्हा कुठेतरी गेले.

एक मिनिट गेलं. श्रीरंगरावांच्या टॅबवर गोल फोटो उमटला आणि सगळ्या बायका त्यावर वाकल्या. पूर्वेच्या कडेला, बांधकामाच्या क्रेनच्या डावीकडे, नारिंगी डाग. एकीने मान वर करून त्या दिशेला निरखून पाहिलं. "वो रहा." एकदा कुठे बघायचं ते कळल्यावर तो सगळ्यांना दिसला, धुरात विरघळलेला, पण चंद्रच. चाळण्या वर गेल्या. श्रीरंगरावांचा ऊर भरून आला. ज्या आभाळावर कँटीन हसलं होतं, तिकडे अख्खी सोसायटी त्यांच्या यंत्राच्या बोटाने बघत होती.

फक्त मिसेस ढींगरा अजून टॅबकडेच बघत होत्या. चंद्राकडे नाही, समोरच्या कडेकडे.

तिथे पाण्याची टाकी आली होती आणि टाकीमागे एक गृहस्थ. एका हातात कागदी द्रोण, दुसऱ्या हातात अर्धी कचोरी. वीस सेकंद स्थिर राहिलेलं सगळं या कॅमेऱ्यात स्वच्छ येतं. ढींगरा वीस सेकंद मनापासून स्थिर राहिले होते. जबडा तेवढा धूसर आला होता.

ते तोंड पुसत परत आले तेव्हा बायकोने चाळणी उचलली, चंद्र पाहिला, मग त्याच चाळणीतून नवऱ्याला बराच वेळ पाहिलं. पाणी ती स्वतःच्याच हाताने प्यायली.

"करमरकर जी," टॅबवर नजर पडताच ढींगरा घाईने म्हणाले, "कैमरा परमानेंट रखिए. मैं लिख के देता हूँ. बस वो घेर अभी वापस लगा दीजिए."

"लावतो ना. बनियन दिखनी नहीं चाहिए, ते मलाही पटतं," श्रीरंगराव म्हणाले. "फक्त चंद्रासाठी पूर्वेला एक खाच ठेवीन."

"और एक," मिसेस ढींगरा शांतपणे म्हणाल्या, "टंकी की तरफ़."

ढींगरांनी तेही लिहून दिलं. तारखेसकट.

गच्ची हळूहळू रिकामी झाली. खालून छोल्यांचा वास येऊ लागला. श्रीरंगरावांनी ट्यूब बंद केली, मिठाईचं खोकं काखेत मारलं आणि जिंकलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "चल, अर्घ्य दे. उकडीचे मोदक गार होतील."

विजयाताई जागच्या हलल्या नाहीत. "अजून वेळ आहे. कॅलेंडरात चंद्रोदय आठ पंचावन्नला दिलाय."

"अगं, तो मुंबईचा. बावीस वर्षं सांगतोय. इथला उगवलाय, समोर बघ. फोटोसुद्धा आहे."

"माझ्या भावाने पुण्याहून आणलेलं कॅलेंडर आहे. आईसुद्धा त्याच वेळेला सोडायची."

"चंद्र समोर दिसत असताना उपाशी राहणार?"

"दिसू दे. तुम्ही ढींगरांचं ऐकलंत?" विजयाताईंनी ताम्हन कठड्यावर ठेवलं आणि पदर खोचला. "मुंबईला उगवू दे, मग बघू. आणि नवी चाळणी उद्या हवी मला."

अख्ख्या सोसायटीला पुरून उरलेल्या श्रीरंगरावांनी काखेतलं खोकं खाली ठेवलं. मोदक बायकोच्या आधी खायचा त्यांच्या घरी रिवाज नव्हता. ते तिच्याशेजारी कठड्याला टेकले आणि करायला काही उद्योग हवा म्हणून टॅबवरचे तारे मोजू लागले. आठ पंचावन्न वाजेपर्यंत तेरा भरले.