चेहरा सोडून सगळं तयार

साठेकाकांकडे चहा प्यायचा असेल तर आधी गळ्यात झालर घालावी लागते. जोक नाही करत. पांढरी, चुण्याचुण्यांची, ताटाएवढी गोल, ट्यूडर राजांच्या काळातले सरदार-बिरदार घालायचे तसली. कप तोंडापाशी न्यायला गेलं की मध्ये झालर येते, मग मान पुढे काढून जिराफासारखं प्यायचं. इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या आमच्या मराठी मंडळातले निम्मे लोक असा चहा प्यायलेत आणि उरलेले निम्मे आता बोलावलं तरी येत नाहीत.

मी केतकी, नागपूरची. ऑफिसने वर्क व्हिसावर इकडे पाठवलं आणि मला काकांच्या घरात वरची रूम मिळाली. पहिल्या दिवशी काकांनी दार उघडलं, हाय नाही हॅलो नाही, मला डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि म्हणाले, "हनुवटी बरी आहे. ये आत."

काका कौन्सिलमधून, म्हणजे इथल्या नगरपालिकेतून, रिटायर झालेत आणि तेव्हापासून फुलटाइम एकाच माणसाच्या मागे आहेत. तो माणूस चारशेच्या वर वर्षांपूर्वी वारला. ट्यूडर काळात बड्या लोकांची पोर्ट्रेट्स करायचा, पण सही कधीच नाही केली, त्यामुळे नाव कोणालाच माहीत नाही. काका त्याला मास्तर म्हणतात. मास्तरांचं अख्खं करिअर काकांनी कानांवरून शोधून काढलंय. म्हणजे चित्रातल्या लोकांच्या कानांवरून. अर्ल असो की डचेस, मास्तर सगळ्यांना सेम कान काढायचे, नीट न मुडपलेल्या करंजीसारखे.

त्यामुळे आमचा रविवार म्हणजे कुठल्यातरी लॉर्डचा जुना वाडा आणि कान.

"हा सुरुवातीचा," काका कुजबुजतात. "बघ, मागचा पडदा कसा उरकलाय. तेव्हा मास्तरांना कोणी विचारत नव्हतं. आणि हा दरबारात चिकटल्यावरचा. मखमल बघ, माणूस सुखात आहे."

"आणि हात का नाहीत काढले?"

"हात जमायचे नाहीत त्यांना. म्हणून सगळ्यांना ग्लव्ह्ज दिलेत. घरातलं कोणाला सांगू नये, पण तू आता घरातलीच."

एकदा काका दोरीच्या पलीकडे इतके वाकले की तिथली व्हॉलंटियर आजी धावत आली. काका शांतपणे म्हणाले, "मॅडम, आय ॲम ओन्ली लुकिंग ॲट हिज इअर." आजी बिचारी स्वतःचाच कान चाचपत परत गेली.

काका स्वतःही पेंट करतात, अगदी मास्तरांच्या पद्धतीने, चहाला आलेल्याला झालर घालून बसवतात. झालर ताठ राहायला साबुदाण्याची खळ लागते. दर संकष्टीला मी डबा उघडते, डबा रिकामा.

"काका, खिचडीचा साबुदाणा कुठे गेला?"

"कुलकर्णीणबाईंच्या गळ्यात."

कुलकर्णी काकूंचं पोर्ट्रेट खरं तर मस्त झालं होतं. पण मास्तर चित्राच्या कोपऱ्यात सोनेरी अक्षरांत त्या माणसाचं वय लिहायचे, म्हणून काकांनीही लिहिलं, 'वय वर्षे चोपन्न'. काकू मंडळात गेली कित्येक वर्षं अठ्ठेचाळीसच्या आहेत. ते पोर्ट्रेट आता त्यांच्या डाउनस्टेअर्स टॉयलेटमध्ये असतं, दाराच्या मागे.

आता ऋतुजाचं सांगते. ऋतुजा काकांची मुलगी, एडिनबराला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. इथेच वाढलेली. साठेकाकू वारल्या तेव्हा ती कॉलेजमध्ये होती, मग घरी येणं कमी होत गेलं. भांडण वगैरे काही नाही, नुसतंच कमी. मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला. फोन स्पीकरवर, मी शेजारी कांदा कापतेय.

"बाबा, मी आणि कॅलम लग्न करतोय. जूनमध्ये."

आणि काका काय म्हणाले असतील? "त्या सहा बायकांवाल्या राजाने नवरीचं पोर्ट्रेट बघून लग्न ठरवलं होतं. ती समोर आल्यावर सगळा घोळ झाला."

तिकडून, "ओके बाबा. बाय."

काका फोनसमोर तसेच उभे. "काय म्हणायला हवं होतं गं?"

"अभिनंदन, काका."

"हां. ते राहिलंच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून काकूंचा शालू काढला. ऋतुजाला लग्नात तिचं पोर्ट्रेट द्यायचं, ठरलं. मास्तरांकडे अशी पद्धत होती की बड्या माणसाने चेहऱ्यापुरतं तेवढं समोर बसायचं आणि कपडे पाठवून द्यायचे. मग ते दुसऱ्याच कोणाला तरी घालून बाकीचं चित्र पुरं करायचं. इथे दुसरं कोणी म्हणजे मी. दर शनिवारी मी शालू, झालर आणि आतून दोन थर्मल घालून उभी, कारण काका हीटिंग बंद करायचे. "मास्तरांकडे बॉयलर नव्हता."

मार्चपर्यंत शालूचा काठ झाला, झालरीची चुणी न् चुणी झाली, मोत्याच्या कुड्यासुद्धा झाल्या, हवेत लटकलेल्या. मध्ये चेहऱ्याच्या जागी नुसतं कोरं अंडं. आणि दर रविवारी फोन.

"दोन-तीन तास फक्त बस समोर."

"बाबा, मी फोटो मेल केला आहे ना."

"फोटो नको मला."

"मग मी काय करू? माझी शिफ्ट असते."

मेमध्ये मलाच राहवेना. मी डिजिटल कॅमेऱ्याने त्या कोऱ्या अंड्याचा फोटो काढला आणि तिला मेल केला: 'हे तुझं वेडिंग गिफ्ट आहे. तुझ्या आईच्या शालूत मी उभी होते, सॉरी. चेहऱ्यासाठी ते तुझी वाट बघतायत.'

दोन दिवसांनी उत्तर. 'लंडनला कोर्स आहे. शनिवारी येते. सहाच्या ट्रेनने परत.'

शनिवारी काकांनी दोनदा दाढी केली. ऋतुजा रकसॅक घेऊन दारात, म्हणाली, "बाबा, तू बारीक झाली." एरवी काका लगेच चूक सुधारतात. आज नुसते बाजूला झाले.

ती खुर्चीत बसली, गळ्यात झालर. काकांनी पेन्सिल घेतली, चेहरा आधी कागदावर, मग चित्रात. मी मास्तरांच्या बालपणापासून सगळं ऐकायच्या तयारीत होते, पण काकांनी मास्तरांचं नावच काढलं नाही.

"कॅलम काय खातो?"

"सगळं. वरण पण. पण ब्रेडबरोबर."

"खाऊ दे."

मग ती बोलतच सुटली. कॅलमची आई, नवीन फ्लॅट, वॉर्डातले म्हातारे. मध्येच एकदा शालूकडे बघून म्हणाली, "लग्नात मी हेच घालू का?" काकांनी मान हलवली, हो अशी.

साडेचारला मी चहा घेऊन काकांच्या मागून गेले आणि कागद बघितला. चेहरा झालेला होता. पूर्ण. हसू फुटायच्या आधी तिच्या ओठाचा कोपरा जसा होतो, तोसुद्धा. काकांची पेन्सिल फिरत होती, पण कागदापासून इंचभर वर. नुसती हवेत.

"झालं का बाबा? माझी ट्रेन."

"डावी भुवई राहिली आहे."

ऋतुजाने माझ्याकडे बघितलं. "केतकी, खरंच?"

मी कागदाकडे बघितलं. दोन्ही भुवया होत्या, एकेक केसासकट.

"राहिली आहे," मी म्हटलं. "भुवईला वेळ लागतो."

तिने पायातले बूट काढले आणि पाय वर घेऊन बसली. "सहानंतरची ट्रेन कितीला असते?"

"असतात बऱ्याच," काका म्हणाले, आणि पेन्सिल परत हवेत फिरायला लागली.