भाषावार खोलीरचना

कु. अनन्या गिरीधर हिला बावीस महिने पूर्ण झाले आणि ती बोलत नव्हती. ही बाब प्रथम तिचे आजोबा बालाजीराव यांच्या निदर्शनास आली, आणि मग त्यांनी ती सर्वांच्या निदर्शनास आणून दिली. सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाच्या आयुष्यात विषयांचा मोठा तुटवडा असतो. वेस्ट मांबलममधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वर्तमानपत्र साडेसातला संपत असे आणि पुढचा दिवस समुद्रासारखा पसरलेला असे, अथांग, चकचकीत, एकही फाइल नसलेला. अशा एका दिवसावर नातीचे मौन तरंगत आले आणि बालाजीरावांनी ते टेबलावर घेतले.

अनन्याची आई देविका मूळची साताऱ्याची. नोकरीसाठी चेन्नईत आली आणि तंजावरच्या मराठी घराण्यातल्या गिरीधरशी लग्न करून इथलीच झाली. तिला ते मौन वाटतच नव्हते. अनन्या पाहत असे. खिडकीतून आलेला उन्हाचा तुकडा फरशीवरून सरकू लागला की तीही त्याच्यामागे रांगत सरके, आणि तो भिंतीवर चढला की हात हलवून त्याला निरोप देई. ज्या मुलीचे उन्हाशी इतके चांगले चालले आहे तिला शब्दांची घाई नसावी, असे देविकाला वाटे. परंतु हे मत लेखी स्वरूपात कुठेही नव्हते.

देविकाची वाढवून घेतलेली रजा विजयादशमीनंतरच्या सोमवारी संपत होती. दिवसभर मूल सांभाळणार ते सासूसासरे, त्यामुळे त्यांच्या संमतीवाचून तिला ऑफिसात पाऊल टाकता येणार नव्हते. बालाजीरावांनी संमती नाकारली नाही, ती सशर्त केली. विजयादशमीपर्यंत अनन्याने किमान पाच शब्दांचे वाक्य, माहेर व सासर अशा दोन्ही पक्षांच्या प्रत्येकी एका ज्येष्ठ सदस्यासमक्ष उच्चारावे. तसे न घडल्यास मुलीला पूर्णवेळ आईची गरज आहे असे गृहीत धरून देविकाच्या राजीनाम्याचा मसुदा करण्यात येईल. मसुदा बालाजीराव स्वतः करून देणार होते, ही खास सवलत.

आढावा बैठक दर रविवारी सकाळी अकराला भरू लागली. साताऱ्याहून देविकाचे वडील काशिनाथ, शिक्षण खात्यातले निवृत्त विस्तार अधिकारी, मोबाइलच्या पडद्यावर हजर राहत. त्यांच्या खांद्यामागून आई हेमलताबाईंचा अर्धा चेहरा दिसे.

"मंद म्हणत नाही मी," काशिनाथांनी पहिल्याच बैठकीत स्पष्ट केले. "सावकाश म्हणतो."

"दिसायला गोड आहे गे पाप्पा," सासूबाई भवानी म्हणाल्या. पाप्पा म्हणजे तमिळमध्ये बाळ. "बोलली नाही तरी माझं काही नाही. लग्नाच्या वेळी विचारतील, तेवढंच."

"देविका गरोदरपणी सारखी लॅपटॉपकडे बघत बसायची," अर्धा चेहरा म्हणाला. "लॅपटॉप बोलतो का?"

"आई, ती दोन वर्षांचीही नाही अजून," देविका म्हणाली.

"तू दहाव्या महिन्यात चंद्र म्हणाली होतीस," काशिनाथ म्हणाले. "जोडाक्षरासकट."

भवानीबाईंना हे झोंबले. त्यांनी गिरीधर नवव्या महिन्यात दारावर आलेल्या माणसाला 'बसा' म्हणाल्याचे नमूद केले. पुढच्या रविवारी देविका आठव्या महिन्यात प्रार्थना म्हणत होती असे उघडकीस आले, आणि त्याच्या पुढच्या रविवारी गिरीधरने सातव्या महिन्यात वडिलांची हजेरीवहीतली चूक दाखवल्याचे. भूतकाळ असा दर आठवड्याला मागे सरकत होता. आणखी सात-आठ बैठका झाल्या असत्या तर दोन्ही मुले जन्मापूर्वीच वाद घालू लागली असती. गिरीधर मोटारींच्या कारखान्यात दर्जा तपासण्याचे काम करी, त्यामुळे घरी कशाचाही दर्जा ठरवण्याची त्याला इच्छा उरत नसे. त्याचे मत विचारले की तो "बघू" म्हणे. अनन्या मात्र प्रत्येकाचे तोंड उघडताना आणि मिटताना मोठ्या आस्थेने पाहत असे.

चौथ्या बैठकीत काशिनाथांनी कारण शोधून काढले. "भाषांचा गोंधळ. एका कानात तंजावरी, दुसऱ्यात सातारी, वरून तमिळ आणि इंग्रजी. मूल बोलणार तरी कशात?"

"आमची मराठी साडेतीनशे वर्षं इथं नांदते," बालाजीराव म्हणाले. "तिच्यामुळे कुणी मुकं झाल्याची नोंद नाही."

"काढून टाका असं कुठे म्हणतो मी? वेगळ्या करा."

वेगळे करणे हे बालाजीरावांच्या आवडीचे काम होते. संध्याकाळपर्यंत त्यांनी फ्लॅटचा नकाशा काढून चार रंगांत रंगवला. हॉलमध्ये तंजावरी मराठी. स्वयंपाकघर व्याह्यांना सोडलेले, तिथे सातारची. बेडरूममध्ये इंग्रजी, कारण पुढे शाळेचा प्रवेश होता. बाल्कनीत तमिळ, कारण तिथून रस्ता ऐकू येतो आणि रस्त्याला समजावणे शक्य नव्हते. प्रत्येक दारावर चिठ्ठी लागली. चुकीच्या खोलीत चुकीच्या भाषेत बोलणाऱ्याने त्या खोलीतून बाहेर जाऊन, योग्य खोलीत तेच वाक्य पुन्हा म्हणून, मग परत यावे असे ठरले.

अंमलबजावणी चोख झाली. देविकाला अंगाई येई ती सातारचीच, म्हणून ती अनन्याला स्वयंपाकघरात ग्राइंडरशेजारी झोपवू लागली. भवानीबाईंना स्वयंपाक करताना रसमशी बोलायची चाळीस वर्षांची सवय, पण सातारच्या मराठीत रसमला काय म्हणावे ते त्यांना सुचेना. त्या गप्प राहून फोडणी देऊ लागल्या. गिरीधर घरी आला की आधी दारातली चिठ्ठी वाची, मनात वाक्य जुळवी, आणि ते जुळेपर्यंत बोलायची गरज संपलेली असे. बालाजीरावांना एकदा बाल्कनीत ठसका लागला, तेव्हा पाणी मागण्यासाठी ते कोणत्या खोलीत जावे याचा विचार करीत डोळ्यांत पाणी येईपर्यंत उभे राहिले.

पंधरा दिवसांत घर शांत झाले. पंख्याचा आवाज, कुकरची शिट्टी, दूर मांबलम स्टेशनात शिरणारी गाडी. शब्द भिंतींना टेकून वाट पाहत राहिल्यासारखे वाटत. अनन्या या खोलीतून त्या खोलीत सर्वांचे चेहरे पाहत हिंडे, पण आता तोंडे उघडतच नव्हती. पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात बालाजीरावांनी नोंद केली: 'बालिकेच्या स्थितीत बदल नाही. तथापि मातेची वाचाही मंदावल्याचे आढळते. दोष आनुवंशिक असावा.'

त्या साऱ्या राज्यात एकच जागा रंगवायची राहिली होती, ती म्हणजे इमारतीची लिफ्ट. देविका रोज संध्याकाळी अनन्याला खाली नेई. जाळीचे दार ओढले की अठरा सेकंद तिची असत. त्या अठरा सेकंदांत ती दिवसभराचे साचलेले सगळे एका श्वासात बोले, सातारचे, सासरचे, तमिळ, इंग्रजी, जे आधी ओठांवर येईल ते. ती जुनी लिफ्ट अधूनमधून बंद पडे. तेव्हा देविका मुलीला छातीशी धरून कुजबुजत राही. अनन्या अंधारात तिच्या ओठांवर बोटे ठेवून ऐकत असे.

विजयादशमीच्या सकाळी काशिनाथ स्वतः साताऱ्याहून येऊन दाखल झाले. अंतिम तपासणीपूर्वी देवळात जाऊन यावे असे ठरले, आणि दोन्ही आजोबा, भवानीबाई व अनन्याला कडेवर घेतलेली देविका एकाच वेळी लिफ्टमध्ये शिरली. दुसऱ्या मजल्याच्या खाली वीज गेली.

अंधार झाला. लिफ्टमध्ये कोणती भाषा बोलायची याबाबत काहीच आदेश नव्हते, म्हणून बालाजीराव काही बोलले नाहीत. काशिनाथ पाहुणे होते, ते यजमानांची वाट पाहत राहिले. भवानीबाईंचा श्वास तेवढा जोराने ऐकू येऊ लागला. तेव्हा देविकाच्या कडेवरून एक लहान हात पुढे झाला आणि चाचपडत भवानीबाईंच्या गालाला लागला.

"भिऊ नको, पाट्टी," अनन्या म्हणाली. "लाइट पोच्चु. आता येते."

देविकाने मनात शब्द मोजले. मोजून झाल्यावर तिला स्वतःची किंचित लाज वाटली. सात होते.

"सात," अंधारातून काशिनाथ म्हणाले. "पण वाक्यं तीन झाली. आणि गेली म्हणायचं तिथे तमिळ घातलंय."

"आजीला पाट्टी म्हणणं इकडच्या रीतीला धरून आहे," बालाजीराव म्हणाले. "तो मुद्दा नाही. लिफ्ट ही इमारतीची सामाईक जागा. इथलं बोलणं घरच्या नोंदीत धरलं तर उद्या शेजाऱ्यांचंही धरावं लागेल. तेच वाक्य तिनं वर जाऊन, योग्य त्या खोल्यांत..."

"तुम्ही अस्की, सगळेच, गप्प बसा," भवानीबाई म्हणाल्या. लग्नानंतर त्यांनी पतीला दिलेला हा पहिलाच आदेश असावा, कारण अंधारातही त्याची अंमलबजावणी झालेली कळली. "माझा जीव घाबरा झाला तेव्हा तुम्ही दोघं काय बोललात? ह्या लेकरानं धीर दिला मला. देविका, सोमवारी तू कामाला जा गे. पाप्पाला मी बघते. सेरि?"

"सेरि, अम्मा," देविकाने तमिळमध्येच होकार दिला. तिला आणखी खूप बोलायचे होते, पण तेवढ्यात वीज आली.

सोमवारी देविका कामावर गेली. भवानीबाईंनी त्याच सकाळी दारांवरच्या चिठ्ठ्या काढून चुलीपाशी भांडी उतरवायला घेतल्या, आणि संध्याकाळपर्यंत अनन्या चारही खोल्यांत चारही भाषा एकदम बोलू लागली. उन्हाशी, रसमशी, दाराच्या कडीशी. बैठक मात्र बरखास्त झाली नाही. ताज्या विषयपत्रिकेवर पहिला विषय आहे 'कु. अनन्या हिचे अतिबोलणे: कारणे व उपाय', आणि दुसरा 'दूध पिताना डाव्या हाताचा वापर'. देविकाने यापुढे हजर राहणार नसल्याचे कळवले आहे, त्यामुळे एक खुर्ची रिकामी असते.

ज्या वाचकांनी बावीस महिने हे वय वाचताच मनाशी हिशेब केला, आपल्या घरचे मूल त्या वयात किती बोलत होते हे आठवले, आणि आठवून किंचित सुखावले, त्यांनी रविवारी अकराला यावे. अर्ज करण्याची आवश्यकता नाही. त्यांची निवड झालेली आहे.