अण्णा मगदुमांचा आठ दिवसांचा नियम

आमच्या अण्णांचा माऊस भिंतीवर टांगलेला असतो. कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला, शेपटीनं. शाहूपुरीतल्या आमच्या फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की आधी त्या माऊसकडे बघतं, मग अण्णांकडे. अण्णा मान वर न करता सांगतात, "पावणं, त्यो पेन्शनीत निघालाय. काम सांगा."

मी तिथं मजकूर तपासतो. म्हणजे दुसऱ्यांच्या लग्नातलं शुद्धलेखन सुधारत चौदा वर्षं घालवली. अण्णा माझ्याही आधीपासूनचे. साठी उलटली, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, आणि रोज जयसिंगपूरहून एसटीनं येणार. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मुलगी पुण्याला असते, एवढंच अण्णांच्या तोंडून कळलेलं. मुलीचं नाव दुकानात काढायचं नाही, हेही ठाऊक. एकदा मी काढलं होतं. अण्णा तीन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

अण्णांचा जीव एकाच गोष्टीत. कॉम्प्युटरवर फायली बघायचा, हलवायचा जो साधा प्रोग्रॅम असतो ना, त्यातच लेखी हुकूम देऊन ठेवायची सोय असते. आपल्यापैकी शंभरात एकालाही ती माहीत नसते आणि नसल्यानं काही बिघडतही नाही. अण्णांना ती कुठून कळली कोण जाणे, पण कळली ती कळलीच. कीबोर्डवरचं एक बटण दाबलं की पेन ड्राइव्हवरच्या सगळ्या फायलींना गिऱ्हाइकाचं नाव, गाव, प्रसंग आणि माप अशी नवी नावं. दुसरं दाबलं की वाढदिवस एकीकडे, लग्न एकीकडे, श्रद्धांजली तिसरीकडे. "एकदाच लिव्हायचं, मग जलमभर यंत्रानं राबायचं," हे त्यांचं पालुपद. कुणी हातानं फाईल इकडची तिकडं केलेली दिसली की त्यांच्या कपाळावर आठी. "हातानं करतोस? मग जेवण काय पायानं करतोस व्हय?"

एकदा हे यंत्र अंगाशी आलं. फ्लेक्सवर मधला मोठा फोटो कुणाचा आणि खालच्या रांगेतले शुभेच्छुक कोण, हे ओळखायला अण्णांनी नियम लिहिला होता: ज्याची फाईल सगळ्यात मोठी, तो मुख्य माणूस. शिरोळकडच्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. पुढाऱ्याचा फोटो आला मोबाईलवरून फिरत फिरत, अगदी बारका. आणि एका शुभेच्छुकानं स्वतःचा काढून आणला स्टुडिओतून. चौकात फ्लेक्स लागला तेव्हा शुभेच्छुक दहा फुटांचा आणि पुढारी खाली तिसऱ्या रांगेत, हात जोडून. दुपारी दहाबारा जण दुकानात चढून आले. मालक काउंटरमागे सरकला. अण्णा शांतपणे म्हणाले, "नियमाची चूक न्हाय. पुढाऱ्यानं बारका फोटो का द्यावा?"

पण सगळ्यात कडक होता आठ दिवसांचा नियम. फ्लेक्सच्या फायली अवजड, मशीन भरून जायचं. म्हणून पक्कं न झालेलं काम आठ दिवस, म्हणजे शनिवार ते शनिवार, कुणी हात न लावता पडून राहिलं, की शनिवारी संध्याकाळी सहाला यंत्र ते कायमचं पुसून टाकायचं. कचऱ्याच्या डब्यातसुद्धा ठेवायचं नाही. गिऱ्हाईक रडकुंडीला आलं तरी अण्णांचं उत्तर एकच: "आठ दिस ज्याला कुणी इचारलं न्हाय, ते काम मेलं."

दर शनिवारी त्या सहाच्या आधी, साडेपाचला, अण्णा आम्हा सगळ्यांना चहाला पिटाळायचे. स्वतः कधी यायचे नाहीत. चहाची वर्गणी चुकवतात असं मी बरेच दिवस चारचौघांत म्हणत होतो. आता त्याची लाज वाटते.

गेल्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी रस्त्यावर आलं, एसटी बंद झाल्या. अण्णा आठवडाभर जयसिंगपुरात अडकले. शनिवारी साडेपाचला त्यांचा फोन.

"दिलपा, माझ्या मशीनवर बस. कच्च्या कामात 'र' नावाचं फोल्डर हाय. त्यात एकच फाईल. उघडायची, एक टिंब खोडायचं, परत द्यायचं, सेव्ह करायचं. वाचायची न्हाय."

मला अण्णांच्या बटणांतलं ओ की ठो कळत नव्हतं. मी खिळ्यावरचा माऊस काढून जोडला.

"माऊस घेतलास व्हय रं?"

"घेतला."

"घे. येळ न्हाय."

अण्णांनी माऊसला परवानगी दिली, तेव्हाच मी ओळखलं, हे काम साधं नाही.

फाईल उघडली. लग्नपत्रिका होती. वाचायची नाही म्हणाले होते, पण माझी चौदा वर्षांची खोड. आमची सुकन्या चि. सौ. कां. रूपाली. वराचं नाव चि. महेश. हा महेश कोण ते मला जयसिंगपूरच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं होतं. ह्याच्याशीच तिनं पाच वर्षांपूर्वी पुण्यात कोर्टात लग्न केलं होतं, आणि अण्णा गेले नव्हते. जातीतला नाही म्हणून. खाली आपलं नम्र, अण्णांचं नाव. आग्रहाचं निमंत्रण. अक्षर न् अक्षर शुद्ध. फक्त तारखेची जागा कोरी होती.

मी टिंब खोडलं, परत दिलं, सेव्ह केलं. सहाला यंत्र फिरलं. यादीतली कामं एकेक करत दिसेनाशी झाली.

"ऱ्हायली?" अण्णांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"राहिली. अण्णा, तुम्हीच लिहिलेला नियम. एवढं फोल्डर सोडून दे म्हणून एक ओळ लिहायची, की झालं!"

"लिव्हता येतंय की. पण सूट दिली की उघडायचं ऱ्हातंय. मग मीबी इचारायचं सोडीन."

मी धीर करून म्हणालो, "तिला पाठवू का? आत्ता जाईल."



"कशी पाठवतोस? तारीख न्हाय की त्यात."

मग, नेहमीच्या आवाजात: "माऊस खिळ्याला लाव."

मी लावला.

पुढच्या शनिवारी पाणी उतरलं होतं. अण्णा आले, चष्म्याचा दोरा घट्ट केला आणि दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही. साडेपाचला त्यांनी सांगायच्या आधीच मी उठलो आणि सगळ्यांना चहाला घेऊन गेलो.