भाऊसाहेबांची सरासरी

देवतळ्यांकडे मी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा त्यांनी मला वरणभात वाढला, वर तूप सोडलं, लिंबू पिळलं, आणि मी पहिला घास उचलणार तोच विचारलं, "सातव्या नंबरवर येणाऱ्या माणसाची सरासरी तिसऱ्या नंबरवाल्याशी लावून पाहणं, हे तुम्हाला पाप नाही वाटत?"

घास हातातच राहिला. म्हटलं, "कोणाची सरासरी?"

"भाऊसाहेबांची," देवतळे म्हणाले, आणि माझा भात गार होईपर्यंत बोलत राहिले.

भाऊसाहेब हे देवतळ्यांचे कोणी काका-मामा असतील असा माझा समज झाला होता. कसले काका! भाऊसाहेब चक्क गोरा इंग्रज निघाला. इंग्लंडमधल्या एका किरकोळ काउंटीचा ऑलराउंडर. पोट सुटलेलं, टक्कल पडलेलं, गुडघ्याला पट्टा. हा गृहस्थ जन्मभर एकाच काउंटीकडून खेळला आणि इंग्लंडच्या संघात एकदाही गेला नाही. त्याचं खरं नाव देवतळे कधी घेत नाहीत. "एवढी वर्षं एका जागी इमानदारीने राबलेला माणूस, त्याचं नाव काय घ्यायचं?" असं त्यांचं म्हणणं.

सुधाकर देवतळे मूळचे नागपूरचे. इथे अमेरिकेत नेपरव्हिलमध्ये माझ्या मागच्या गल्लीत राहतात आणि शिकागोच्या एका कंपनीत माझ्याच टीममध्ये होते. "होते" का म्हणतो ते पुढे येईलच. इंग्लंडमध्ये खेळ सुरू होतो तेव्हा आमच्याकडे अजून उजाडलेलं नसतं. देवतळे त्या अंधारात उठून चहा करून मॅच बघायचे, आणि मग ऑफिसला जाताना लोकलगाडीत माझ्या शेजारी बसून मला ती सांगायचे. मी डोळे मिटून घेतले तरी सांगायचे. घोरल्याचं नाटक केलं तर म्हणायचे, "झोपा, झोपा. मी हळू आवाजात सांगून राहिलो."

त्यांचं दुखणं असं होतं. ऑलराउंडर खरा कोण, याचा एक सोपा हिशेब असतो. बॅटिंगची सरासरी घ्या, तिच्यातून बॉलिंगची वजा करा. उत्तर शून्याच्या वर आलं तर गडी अस्सल, खाली आलं तर थोडं इकडचं थोडं तिकडचं. भाऊसाहेबांचं उत्तर शून्याच्या जरासं खाली होतं. अगदी जरासं. ते वर काढणं हा देवतळ्यांचा उद्योग.

"आकडा खोटा नाही बोलत पुणेकर, पण अर्धंच बोलते," असं मला म्हणून ते सुरू व्हायचे. एप्रिलच्या थंडीत बोटं गारठलेली असताना टाकलेल्या ओव्हर्स वेगळ्या धरायच्या. सातव्या नंबरवर यायचं म्हणजे दुसऱ्या टोकाला टिकणारं कोणी नसतं, त्यामुळे घाईत मारून आउट व्हायचं, तेही वेगळं. शिवाय स्लिपमधला फिल्डर. त्या फिल्डरने भाऊसाहेबांच्या बॉलिंगवर किती कॅच सोडले हे पाहायला देवतळ्यांनी जुने व्हिडिओ शोधून काढले, आणि तेव्हापासून त्या बिचाऱ्याशी त्यांनी मनातल्या मनात दावा मांडला. तो फिल्डर आता पोराबाळांचा धनी झाला असेल. त्याचा विषय निघाला की देवतळे डबा बंद करायचे. "त्याच्या नावाने जेवण नाही जात मले."

पळून जावं तर तीही सोय नाही. बर्फ पडला की सकाळी माझ्या ड्राइव्हवेवर फावड्याचा आवाज यायचा. देवतळे! स्वतःचा बर्फ काढून झाला की माझा, मग शेजारच्या म्हातारीचा. फावडं त्यांच्या हातात, ड्राइव्हवे माझा, मग मी कुठल्या तोंडाने आत जाणार? दारात कुडकुडत उभं राहून मी भाऊसाहेबांचा ओल्या पिचवरचा इकॉनॉमी रेट ऐकायचो. माझी बायको खिडकीतून हसायची.

कहर झाला तो भाऊसाहेब रिटायर झाले तेव्हा. काउंटीने दोन ओळी छापल्या, त्यात शब्द होता "उपयुक्त". देवतळे दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मंडळाच्या गणपतीत मला पंधरा मिनिटं द्या."

त्या वर्षी आमच्या महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम ठरवायचं माझ्याकडे होतं, आणि प्रोजेक्टर फक्त देवतळ्यांकडे होता. दिली. मुलांचा फॅन्सी ड्रेस आणि लावणी यांच्यामध्ये, शाळेच्या कॅफेटेरियात, देवतळे कुर्ता घालून उभे राहिले आणि पहिली स्लाइड लावली: भाऊसाहेब, गुडघ्याला पट्टा बांधताना. पुढच्या रांगेतून आमचे एक जुने डॉक्टरकाका म्हणाले, "हा आपला आहे का?"

"नाही."

"मग मिसेस महाराष्ट्रीयन आहे का?"

"नाही काका."

"मग अमेरिकेत असतो?"

"इंग्लंडमध्ये."

"अच्छा, अच्छा," असं म्हणून डॉक्टरकाकांनी मोबाइल काढला. तिसऱ्या स्लाइडला कोणीतरी मसालेभात तयार असल्याचं जाहीर केलं आणि हॉल रिकामा झाला. शिवाजीच्या मावळ्याच्या वेषातला एक पोरगा तेवढा खुर्चीत झोपला होता. देवतळ्यांनी भाषण थांबवलं नाही. एप्रिल झाला, सातवा नंबर झाला, स्लिपचा फिल्डर झाला. "हा माणूस संघाला लागेल ते करत गेला," ते रिकाम्या खुर्च्यांना सांगत होते, "म्हणून त्याचा कोणताच आकडा मोठा नाही झाला. त्याच्या जिवावर दुसऱ्यांचे झाले." प्रोजेक्टर उचलायला मी मागे थांबलो होतो म्हणून हे ऐकलं, नाहीतर मीही मसालेभाताच्या रांगेतच गेलो असतो.

मग हिवाळ्यात आमच्याकडे नवीन मॅनेजर आली. चांगली बाई, हसतमुख. तिने एक डॅशबोर्ड आणला. कोण आठवड्याला किती तिकिटं, म्हणजे नोंदवलेली कामं, क्लोज करतो, त्याच्या रंगीत पट्ट्या. सगळ्यात आखूड पट्टी देवतळ्यांची.

आता मी चिडू नको तर काय करू? अहो, हा माणूस दिवसभर करत काय होता? कोड अडला की देवतळे. डेटाबेस झोपला की देवतळे. टेस्टर सुट्टीवर गेला की टेस्टिंगला देवतळे. नव्या पोरीला कळत नाही, तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसणार ते देवतळे. तिकीट मात्र ज्याच्या नावावर त्याच्याच नावाने क्लोज व्हायचं. माझ्या लांबलचक हिरव्या पट्टीतली निम्मी तिकिटं त्यांच्या डोक्याने सुटलेली होती.

एका मंगळवारी त्यांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं आणि काढलं. व्हिसावरचा माणूस. आता दोन महिन्यांत दुसरी नोकरी, नाहीतर गाशा गुंडाळायचा. ग्रीन कार्डची रांग एवढी लांब की मागेच त्यांची मुलगी एकवीसची झाली आणि आईबापांच्या व्हिसावरून तिचं नाव गळलं. ती शिकायला टोरांटोला गेली. देवतळेबाई तिला सोडायला म्हणून गेल्या आणि पोरीचा उतरलेला चेहरा बघून तिथेच राहिल्या. देवतळे फीसाठी इथे एकटे थांबले. पोरीचं शेवटचं वर्ष बाकी होतं.

मी तावातावाने त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"थँक यू म्हटलं."

"थँक यू? अहो, सातव्या नंबरवर खेळवलं मला, असं सांगायचं ना! अर्धंच बोलतो आकडा, असं सांगायचं! त्या टकल्या इंग्रजासाठी वर्षानुवर्षं माझं डोकं खाल्लंत, स्वतःसाठी एक वाक्य नाही?"

देवतळे चहाचं आधण बघत होते. "तिचं काय चुकलं? पट्टी आखूडच होती ना."

मला रडू आलं, रागाने. खरंच सांगतो.

पुढचे दिवस मी त्यांच्या मागे हात धुऊन लागलो. जिथे ओळख होती तिथे त्यांचं नाव घातलं. दोन ठिकाणी फोनवर इंटरव्ह्यू झाले, दोन्हीकडून नकार आला. नंतर त्यातल्या एकाने मला खासगीत सांगितलं, "यार, माणूस चांगला वाटला. पण त्याने स्वतः काय केलं तेच कळलं नाही."

म्हणून रविवारी दुपारी मी त्यांच्या किचनमध्ये खुर्ची टाकून बसलो. म्हटलं, "आज मी इंटरव्ह्यू घेणार. टेल मी अबाउट युअरसेल्फ."

देवतळ्यांनी घसा साफ केला. "आमची टीम फार चांगली होती. मागच्या वर्षी जुनी सिस्टिम नवीवर नेली ना, ते मोठं मायग्रेशन, त्यात प्रियाने..."

"प्रियाला नोकरी आहे! तुमचं सांगा."

"माझं म्हणजे... व्यंकटला मुलगा झाला तेव्हा तो रजेवर होता, आणि सिस्टिम बंद पडली. व्यंकटचं डिझाइन मुळात इतकं मजबूत..."

"देवतळे!" मी टेबलावर हात आपटला. "दोन महिन्यांतला एक संपत आला. पोटाचा प्रश्न आहे. पोरीचं वर्ष आहे. प्रिया नको, व्यंकट नको. तुम्ही, तुम्ही कसे आहात?"

ते उठले. धुतलेला ओटा पुन्हा पुसू लागले. मला वाटलं, फार लागलं माझं बोलणं. तोंडाशी माफी आली, तेवढ्यात माझ्याकडे पाठ ठेवूनच ते म्हणाले, "माझं नलू सांगायची. कोणाकडे गेलो की सुरू. आमचे हे असे, आमच्या ह्यांनी तसं केलं. मला इतकं अवघड व्हायचं, मी तिला डोळ्यांनी दाबायचो. मला स्वतःला सांगायची गरजच नाही पडली कधी. आता ती तिकडे आहे." फडकं त्यांनी पिळलं, झटकलं, नीट वाळत घातलं. "फोनवर सगळं पोरीचंच निघते. ते बरोबरच आहे. पण माझ्याबद्दल कोणी काही बोललं, त्याला आता लय दिवस झाले."

त्यांनी कप धुवायला सिंकचा नळ सोडला.

"तुम्ही सांगा ना," देवतळे म्हणाले. "माणूस कसा आहे ते. मी पाठ करतो."

मी खुर्ची पुढे ओढली आणि सुरू झालो. मराठीतच. इंग्रजी मागाहून करू म्हटलं. आधी ऑफिसातलं सांगितलं. मायग्रेशन कोणी वाचवलं, व्यंकटच्या बाळंतपणाच्या रजेत रात्रंदिवस कोण बसलं, माझी पट्टी कोणाच्या जिवावर वाढली. मग बर्फाचं सांगितलं, म्हाताऱ्या शेजारणीचं सांगितलं. इंटरव्ह्यूत त्याचा काही उपयोग नव्हता, पण थांबवेना. देवतळे सिंकपाशी उभे राहून ऐकत होते. नळ नुसताच वाहत होता, आणि दर दोन वाक्यांनी ते पुटपुटत होते, "एवढं नाही हो. एवढं नाही."